कोपऱ्यातला चौकोन

न्हावा शेव्याजवळच्या आमच्या गोदामात रोबोट मालाची कपाटं उचलून आणतात आणि आम्ही बाया खोकी भरतो. फक्त कोपऱ्यातल्या एका रिकाम्या चौकोनात ते कधी शिरत नाहीत. बांधावरून माणसं जावीत तसे एकामागे एक कडेकडेने जातात. त्या वळशापायी माल तुंबतो आणि बोलणी आम्हाला बसतात.

सुपरवायझर मितेशने रोबोटांचा नकाशा बदलून पाहिला. काही फरक पडला नाही. काल भरदुपारी तो वैतागून स्वतःच चौकोनात जाऊन उभा राहिला.

"बघा, काय आहे इथे?"

गोदामातले सगळे रोबोट जागच्या जागी थांबले.

भराव पडायच्या आधी इथे आमचं मिठागर होतं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "बूट काढ रे. मिठाच्या वाफ्यात पायताण घालून उतरत न्हाय कुणी."

तो हसला. माझी थट्टा करायची म्हणून बूट-मोजे काढून पुन्हा तिथेच उभा राहिला.

सगळे रोबोट एकदम चालू लागले.

मितेश मात्र हलेना. वर पत्र्याचं छप्पर होतं, खाली कोरडीठाक फरशी. तो आपल्या पावलांकडे बघत राहिला आणि देवळात बोलावं तसं हळू म्हणाला,

"कल्पिताताई, पाणी उन्हानं तापलंय."