पहिला वाडगा

"काय म्हणाले डॉक्टर?" आईने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सुपाचा पहिला वाडगा फुंगयीपुढे ठेवला.

दक्षिण चीनमधल्या शुनदे गावातल्या या घरात पहिला वाडगा आधी बापाचा असायचा. बाप गेल्यावर तो धाकट्या भावाचा, कामपुईचा झाला. फुंगयी थोरली असली तरी मुलगी. तिच्या वाट्याला भांड्याच्या तळाचा गाळ यायचा. रस उतरून गेलेलं चिवट मांस, पांढरी पडलेली गाजरं. त्यावर सोया सॉस ओतायचा आणि मुकाट्याने गिळायचं. लग्न होऊन ती फोशानला गेली, तेव्हाही या घरात कुणाचं काही अडलं नाही.

मग कामपुईचं यकृत निकामी झालं. आधी डोळे पिवळे झाले, मग पोट फुगलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आता औषधाने भागणार नाही, रक्ताच्या नात्यातल्या कुणीतरी यकृताचा तुकडा द्यायला हवा. आईचं वय उलटलेलं. राहिली फुंगयी.

आईने तिला बोलावून घेतलं आणि त्याच दिवशी चुलीवर मातीचं भांडं चढलं. यकृताला बळ देणाऱ्या रानकाड्या, डुकराचं हाड, साखरेत मुरवलेले खजूर. काड्यांना लागलेल्या शेंगा विषारी असतात. आई चष्मा लावून एकेक शेंग खुडायची आणि पुन्हा जुडी उजेडात धरून बघायची. आपल्यासाठी कुणी एवढं निवडत बसलंय, हे फुंगयीने जन्मात पाहिलं नव्हतं. चाळिशी ओलांडलेली बाई, पण ते कडवट सूप पिताना तिचे डोळे भरून यायचे. यकृताचं काय घेऊन बसलात, आईने काळीज मागितलं असतं तरी तिने दिलं असतं.

आज तपासण्यांचा निकाल हाती आला होता. सगळं जुळत होतं. बसमध्ये ती वेड्यासारखी एकटीच हसत होती. पण वाडगा समोर आला आणि तिच्या मनात खूळ शिरलं. जरा थट्टा करावी. 'नाही' म्हणावं. आई हळहळेल, पाठीवरून हात फिरवेल, 'तू तरी काय करणार, पोरी' म्हणेल. एवढं ऐकायचं, की लगेच खरं सांगून टाकायचं.

"जुळत नाही म्हणाले," तोंड पाडून ती म्हणाली.

आईने वाडगा उचलला, आतला चमचा काढून टेबलावर ठेवला आणि सूप परत भांड्यात ओतलं. एक थेंबसुद्धा सांडू दिला नाही.

"आई, अगं..."

"कामपुईला उद्यापर्यंत पुरेल," आई म्हणाली. "तू गाळ घे. तुला लहानपणापासून तोच आवडतो ना?"

हा टोमणा असता तर फुंगयीने सोसला असता. पण आईला खरोखरच तसं वाटत होतं. तिने बशी भरून गाळ वाढला, सॉसची बाटली पुढे सरकवली आणि म्हणाली, "सकाळच्या बसने निघ. घरी तुझा नवरा खोळंबला असेल."

भिंतीला धरत कामपुई बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. आईने लगेच त्याच्यासाठी वाढलेला वाडगा त्याने बहिणीकडे ढकलला. "ताई, तूच पी. मला नाही जात."

"तिला काय करायचंय त्याचं?" आईने वाडगा पुन्हा त्याच्यापुढे ओढला.

कामपुई ओशाळून हसला. त्याच्या डोळ्यांत पांढरं असं काही उरलंच नव्हतं. "खरं सांगू? बरं झालं. तुझं पोट फाडायचं माझ्याच जिवावर आलं होतं." मग खाली बघत त्याने हळूच विचारलं, "पण ताई, अगदीच नाही का गं जुळत?"

'थट्टा केली रे' हे शब्द अजून तिच्या ओठांवर होते. फुंगयीने मांसाचा तुकडा तोंडात घातला. तो नेहमीसारखाच चिवट होता. तिने तो सावकाश चावून गिळला.

"नाही रे," ती म्हणाली. "पी तू. गार होतंय."