पिकनं वाजव!

"गोंजारतेयस काय? बेस गिटार आहे ती, मांजर नाही!" साउंड चेक थांबवून ऑर्केस्ट्राचा मालक हेमंतदादा माइकवरूनच ओरडला. "बाईच्या बोटांतून आवाज निघणार कुठून? आज पिकनं वाजव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." ढोलकीवाल्यापासून निवेदकापर्यंत सगळे हसले.

शर्मिष्ठाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच बोटांना घट्टे पडेपर्यंत तिनं या ऑर्केस्ट्राची गाणी सांभाळली होती.

"माझ्याकडे पिक नाहीये." तारा छेडायची ती प्लास्टिकची छोटी पट्टी तिनं कधी वापरलीच नव्हती.

"मग पैदा कर कुठूनतरी!"

ती तरातरा मेकअपरूममध्ये गेली. गळ्यातलं प्लास्टिकचं कार्ड काढून तिथल्या कात्रीनं त्याचा तिकोनी तुकडा कापला, कडा भिंतीवर घासल्या. पडदा उघडला तेव्हा त्याच तुकड्यानं तिनं तारा अशा झोडपल्या की पहिल्या रांगेतल्या खुर्च्या हादरल्या. आवाज खरंच टणक निघत होता, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

कार्यक्रम संपताच हेमंतदादा खुशीत आला. "बघ, माझं ऐकलंस म्हणून जमलं! उद्या साताऱ्यालाही हेच पिक आण."

"तुमच्याकडेच ठेवा." तिनं तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो उलटून पाहिला. एका बाजूला तिचा अर्धा फोटो होता, खाली त्याची स्वतःची सही.

"तुम्हीच दिलेलं ओळखपत्र आहे, दादा," गिटार खांद्याला अडकवत ती म्हणाली. "उरलेलं मेकअपरूमच्या कचऱ्यात टाकलंय. साताऱ्याला दुसरी बोटं शोधा."