शुक्रवारचं पान

गुरुवारी दुपारी त्याने बायकोचं नाव सर्च केलं आणि त्याचा दुसरा नंबर आला.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती जाऊन तीन महिने झाले होते. ती पुस्तकांचं बाइंडिंग करायची, आणि कुणी तिला शोधलं तर आपण लिहिलेलंच सापडावं म्हणून त्याने घड्याळदुरुस्तीच्या आपल्या जुन्या वेबसाइटवर तिच्यासाठी एक पान केलं होतं. फोटो, चार ओळी, खाली ‘तिचा पती’. त्याच्या वर ‘बाईंची बांधणी’ नावाची कुणाची तरी साइट ठाण मांडून बसली होती.

कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं. दर शुक्रवारी तिथे नवीन पान येत होतं. गेल्या शुक्रवारचंही होतं.

‘बाई दोरा मेणावरून दोनदा ओढतात. गाठ मारताना जीभ दातांत धरायची त्यांना सवय आहे.’

त्याची कानशिलं तापली. जिभेचं फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं तो समजत होता. आणि सवय ‘आहे’ म्हणतो! या माणसाच्या लेखी ती गेलेलीच नव्हती.

मागे बरीच पानं होती, ती जिवंत असतानाची. ती उघडायचा त्याला धीर झाला नाही. हे किती वर्षं चाललं होतं, ते त्याला जाणून घ्यायचं नव्हतं. एवढं मात्र आठवलं, की शेवटच्या आजारपणात ती सारखी फोनवर काहीतरी लिहीत असायची. कोण आहे, म्हटलं की हसायची. “गिऱ्हाईकं. दुसरं कोण?”

रविवारी त्याने भाचीला बोलावलं. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायच्या, हाच तिचा धंदा.

“काम नाही का तुला आज?” त्याने विचारलं.

“महिन्याचं सगळं एकदाच बसून लावून ठेवते, मामा. तारीख टाकली की ते आपलं आपण येत राहतं. बोला.”

दोघं मामीच्या कामाच्या टेबलाशी बसली. पुठ्ठे, दाभण, फोन उभा करायचा स्टँड, सगळं जागच्या जागी होतं. गमाच्या डब्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘बाईंचा गम. हात लावाल तर चिकटाल.’

“मामीच्या पानावर तिचं नाव आणखी वीसदा लिहिलं, तर वर येईल?”

“नाही. वाचणाऱ्याला वाटेल मामांनी तिला हाका मारायचा सपाटा लावलाय.”

“मग लिंका विकत घेऊ?”

“भाड्याने टाळ्या वाजवणारे आणण्यातला प्रकार आहे तो. पकडले गेलात तर आहे तेही जाईल.”

“मीच दुसरी साइट काढून माझी मला लिंक दिली तर?”

“स्वतःची पाठ स्वतः किती थोपटणार? हात पोचत नाही.” ती हसली. “चांगल्या, जुन्या साइटने आपणहून तुमचं नाव घ्यायला हवं. आणि लिंक कुठल्या शब्दांवर लावलीय, तेही बघतात. पण घाई काय आहे? पहिला कोण आहे?”

“असेल कुणीतरी गिऱ्हाईक.”

“मग असू दे ना. मामीचं चांगलंच लिहिलं असेल.”

“चांगलं लिहिलंय म्हणूनच म्हणतोय,” तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

भाची गेल्यावर तो पुन्हा ती साइट बघत बसला. वरच फोटो होता. फक्त दोन हात, सुईत दोरा ओवताना. अंगठी त्याने दिलेली. फोटो काढणारा अगदी समोर बसला असणार, हातभर अंतरावर.

त्याने साइट ठेवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. मी तिचा नवरा. हे तिचे हात आहेत. परवानगी कुणी दिली? सोबत लग्नाचा आणि मृत्यूचा दाखला जोडला.

कंपनीचं उत्तर आलं. साइटच्या मालकाला कळवलं आहे. मुदतीत खुलासा आला नाही, तर साइट कायमची काढली जाईल.

खुलासा आला नाही. गप्प बसलाय, म्हणजे चोरच, असं तो मनाशी म्हणाला. मग शेवटचं पत्र आलं. साइटवरचा सर्व मजकूर, पुढच्या तारखांना लावून ठेवलेल्या पानांसकट, काढून टाकण्यात आला आहे.

पुढचंही गेलं. बरं झालं. त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा पहिला नंबर आला. त्याने पडद्याचा फोटो काढून भाचीला पाठवला.

तो नंबर तीन आठवडेही टिकला नाही. त्याचं पान घसरत घसरत कुठे गेलं ते सापडेना. दुकानाला येणारे फोनही थांबले. भाची लॅपटॉप घेऊन आली.

“मामा, तुम्हाला वर धरणारी लिंक तुटलीय. भक्कम अशी ती एकच होती. तुमच्या दुकानाला दिलेली, फार जुनी.”

“कुणी दिली होती?”

“‘बाईंची बांधणी’. त्यांच्या अगदी पहिल्या पानावरून.”

“तो? तो मला कशाला लिंक देईल?”

भाचीने विचारलं, “तो कोण?” मग तिने लिंकांची यादी खाली सरकवली. लिंक कुठल्या शब्दांवर लावली होती, ते तिथे अजून दिसत होतं. तिने वाचलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

‘घड्याळ बंद पडलं, तर आहेतच आमचे हे.’

त्या साइटची मागची पानं त्याची वाचायची राहिली होती.