अजून ठरलं नाही

पिंडाला कावळा शिवेना.

वैनगंगेच्या वाळूत पळसाच्या पानांवर पिंड ठेवून सगळे मागे सरले होते. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण खाली कुणी उतरत नव्हता. मंजुषा त्यांच्याकडे पाहत होती. आज बाबांचा दहावा आहे, हे दुसऱ्या कुणाच्या घरचं असल्यासारखं तिला माहीत होतं.

लटारूकाकांनी हात जोडले. "दादा, धानाच्या बांध्या मी पाहीन. पोरीचं बी पाहीन. या आता."

कावळे बसून राहिले.

"त्याचा जीव कशात अडकला, सगळ्याइले मालूम हाये," मागून गुणाआत्या म्हणाली. "प्रणित, तू बोल ना रे."

मंजुषाचा भाऊ प्रणित फौजेत होता, सुट्टी काढून आलेला. दूरच्या दोन देशांतलं युद्ध थांबलं होतं आणि तिथे शांतता राखायला अनेक देशांच्या फौजा जायच्या होत्या. ही शांतता एकाच बाजूच्या सोयीची आहे, असं निम्मं जग म्हणत होतं. आपण जायचं की नाही, यावर दिल्लीत विचार सुरू होता. प्रणितच्या पलटणीला तयार राहायला सांगितलं होतं. बाबांना दिसत नव्हतं. मंजुषा रोज पेपर वाचून दाखवायची आणि ते एवढंच विचारायचे, "काय ठरलं?"

"म्हण, मी नाई जात," काका म्हणाले.

"कसं म्हणू, काका? हुकूम आला तं जावंच लागते."

"मेलेल्या बापाले खोटं सांगितलं तं कोणता साहेब तुले पकडून नेते?"

कुणीतरी हसलं. प्रणितने ओल्या धोतराचा सोगा पिळला. "बाबाले खोटं नाई सांगत मी."

भटजींनी उन्हाकडे पाहिलं. "दर्भाचा कावळा करायचा का मग?"

मंजुषा पुढे झाली.

"बाबा, ठरलं." पेपर वाचतानाचा तोच सपाट आवाज. "आपला देश जात नाई."

एक कावळा उतरला. वाळूवर दोन उड्या मारून त्याने पिंडात चोच घातली.

"शिवला!" काका ओरडले. "पोरीचंच ऐकलं शेवटी."

प्रणितने बहिणीकडे पाहिलं. ती हात धुवायला पाण्याकडे गेली होती.

घरात पाय ठेवण्याआधीच आत्याने अंगणातून हाक दिली, "वयनी, शिवला वो! सरकार नाई म्हणलं. प्रणित जात नाई आता."

आई दारात आली. "पेपरात आलं का वो, मंजुषा?"

मंजुषाने चपला काढल्या, नीट भिंतीशी ठेवल्या. "हो."

बाबा गेल्यापासून आई कशालाच हात लावत नव्हती. ती आत गेली, प्रणितची बॅग खाटेवर ओढली आणि एकेक कपडा बाहेर काढून ठेवू लागली. प्रणित तिच्या शेजारी बसला. ती ठेवेल तो कपडा उचलून, परत बॅगेत मावेल अशी त्याची घडी घालत राहिला.