पांढरी बोटं

"पी म्हणते ना!" नर्स सोलरुनने संत्र्याच्या रसाचा पेला रान्वाच्या तोंडाशी नेला. टोचलेलं बोट पिळून पिळून तिने कसाबसा एक थेंब काढला होता. यंत्र म्हणत होतं, साखर पार तळाला गेलीय.

"नाही पिणार! आत्ता बोगद्यातून बस चालवत आले मी. चक्कर नाही, घाम नाही. धडधाकट आहे!"

"साखर उतरली की माणूस असाच खेकसतो."

झालं! म्हणजे रागवायचीही चोरी. ओरडली तर आजारी, गप्प बसली तर कबुली. बसचालकांच्या तपासणीत यंत्राने तिसऱ्यांदा हेच सांगितलं होतं. आता डॉक्टर तिच्याकडून बस काढून घेणार होते. अख्ख्या बेटावर ती एकच बस, आणि रान्वाला दुसरं काही येत नव्हतं.

"आईकडून शीक जरा," सोलरुन म्हणाली. "वृद्धाश्रमात रोज सकाळी मीच तिची साखर बघते. तिचीही हल्ली उतरते. इन्सुलिन निम्म्यावर आणलं, तरी उतरते. पण कुरकुर नाही. मुकाट रस पिते, वर पाणी मागते, पुन्हा झोपते."

रान्वाने दोन्ही हात टेबलावर आपटले. "ही बोटं बघ! मढ्यासारखी पांढरी. गारठली की यांच्यात रक्तच फिरत नाही. हातातल्या शिरेतून घे!"

"इथे कुणाचे हात गरम असतात गं?"

आरडाओरडा ऐकून डॉक्टर हॉग्नी बाहेर आले. त्यांनी तिची बोटं दाबून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि स्वतःच शिरेतून रक्त घेतलं. थोड्या वेळाने आतून कागद घेऊन आले.

"साखर अगदी ठीक आहे. अशा बोटांतून रक्त घ्यायचंच नसतं, सोलरुन. आकडा खोटाच कमी येतो."

सोलरुन ओशाळली, मग हसली. "सुटलीस बाई! चालव तुझी बस. आणि शिव्या काय द्यायच्या त्या आत्ताच देऊन टाक."

रान्वाच्या जिभेवर चांगल्या सणसणीत दोन तयार होत्या. कोटात हात घालता घालता ती थांबली.

"पण असली बोटं आणलीस तरी कुठून?" सोलरुनने विचारलं.

"आईकडून," रान्वा म्हणाली, आणि वृद्धाश्रमाकडे धावत सुटली.