तांबडी शेपटी

अकराव्या पिढीत शेपटी तांबडी निघाली. ज्योतीरामने कोंबडा उन्हात धरून तीनदा पाहिला. तळवड्याच्या एका कंपनीत, पेंट शॉपमध्ये, तो क्वालिटी तपासायचा. चुकीची शेड त्याच्या नजरेतून आजवर एकदाच सुटली होती, तीही साहेबांच्या सांगण्यावरून. पांढरं अंग, काळी मान, तांबडी शेपटी. पास.

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेवटच्या तापात ती देवीचं नाव घेऊन असल्याच कोंबड्याबद्दल बरळत होती. नवस फेडायचा राहिला, हे घरात सगळ्यांनी ओळखलं. तसा कोंबडा बाजारात मिळेना, म्हणून ज्योतीरामने गच्चीवर खुराडी बांधली आणि जातीत जात मिसळायला घेतली. रात्रपाळी करून तो दुपारी झोपे. मग स्वप्नात आई उशाशी येऊन बसे आणि एवढंच विचारी, कोंबडा झाला का. तो नाही म्हणे. ती उठून जाई. सासूबाई हयात असताना एवढा पाठपुरावा करत नव्हत्या, असं त्याची बायको साधना म्हणायची.

शनिवारी दुपारी तो प्रथमच हो म्हणाला. आई रडायला लागली. आनंदानं, असं त्याने धरलं.

रविवारी सकाळी तो चाकणच्या अलीकडच्या टेकडीवर देवळात गेला. कोंबडा देवीच्या पायावर घातला आणि तिथंच मोकळा सोडला. नऊ वर्षांचं ओझं उतरल्यासारखा बाहेर येऊन पायरीवर बसला. म्हातारी गुरवीण चिमाबाई तिथं वाती वळत होती. शालनबाईचा मुलगा म्हणून त्याने ओळख दिली आणि आईचा नवस फेडायला आलो होतो म्हणाला.

चिमाबाईचे हात थांबले.

"नवस? शालननं कवा केला नवस? तू दोन वर्साचा व्हतास, काविळीनं गेल्यात जमा. देवी न्यायला आलीया, असं समदी म्हनायला लागली. तवा तुज्या आयनं हितं पदर पसरला आन् देवीला अट घातली. पांढरं अंग, काळी मान, तांबडी शेपटी, असला कोंबडा तुज्या पायाशी यील, त्या दिशी माजं पोर ने."

"पण असलाच का?" ज्योतीरामने विचारलं.

"असला जगात न्हाई म्हनून."

गाभाऱ्यात कोंबडा आरवला.