राईस की मॉस

रॉस्कोने म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बोला मिस्टर एझेल, आजवरचा सगळ्यांत मोठा रिसीव्हर कोण?"

बाकावरची मंडळी पुढे सरकून बसली. शनिवारी सकाळी तिथे केस कमी कापले जायचे आणि वाद जास्त व्हायचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलावा तो कुणी, हा वाद तर कधी मिटलाच नव्हता. दंडक एकच होता, खुर्चीत बसलेल्याचा शब्द शेवटचा. एझेल टार्पली खुर्चीत असला की 'जेरी राईस' म्हणून असा काही गरजायचा की रॉस्को वस्तरा घेऊन मागे सरायचा. आज तो नुसता आरशाकडे बघत राहिला.

त्याचा एकुलता एक मुलगा मार्लन भिंतीला टेकून उभा होता. दूर उत्तरेतल्या मिलवॉकीहून तो कालच आला होता. बापाने दार उघडून त्याला विचारलं होतं, "कोण पाहिजे?" तेव्हापासून मार्लन बापासाठी 'पाहुणे' झाला होता. फोनवर म्हातारा परवापरवापर्यंत नीट भांडत होता, म्हणून विसरण्याचं दुखणं किती वाढलंय ते त्याला कळलंच नव्हतं. शेजारणीने कळवलं तेव्हा तो धावत आला. सोमवारी बापाला वृद्धाश्रमात सोडायचं होतं. त्याआधी एकदा बापाने आपल्याला ओळखावं, एवढंच त्याला हवं होतं. या वादाने ओळख पटेल, असं रॉस्कोला वाटलं होतं.

दोघांचं बिनसलं ते गवंडीकामावरून. एझेलने उभ्या गावाची घरं बांधली होती. पोराने थापी हातात घ्यावी हा त्याचा हट्ट, आणि पोराला ते नको होतं. मार्लन निघाला तेव्हा बाप म्हणाला, जा, मी काही तुला परत ये म्हणणार नाही. माणूस शब्दाचा पक्का, कधीच म्हणाला नाही. पोरगाही त्याच हाडाचा. बोलावल्याशिवाय जायचं नाही म्हणून अडून बसला.

आई मात्र दर रविवारी चर्चहून आली की नंबर फिरवून फोन एझेलच्या हातात कोंबायची. बापलेक हवापाण्याचं बोलायचे आणि ठेवून द्यायचे. एका रविवारी मार्लन सहज बोलून गेला, की हा नवा रँडी मॉस राईसलाही मागे टाकणार. मिसिसिपीत जन्मून असं बोलायचं म्हणजे आईच्या हातच्या जेवणाला नावं ठेवायची. राईस याच मातीतला, गवंड्याचा मुलगा, भावांनी फेकलेल्या विटा झेलून हात तयार केलेला. एझेल तासभर कडाडत होता. आई स्वयंपाकघरात बसून रडली, पण ते रडणं सुखाचं होतं. पुढे मार्लनच फोन करू लागला, एकही रविवार चुकला नाही. आईला पुरायला मार्लन आला आणि दुसऱ्याच दिवशी परत गेला, तरी त्या रविवारी दोघे मॉसच्या आळशीपणावरच भांडले. दुःखाचं बोलणं दोघांनाही कधी जमलं नाही.

"मिस्टर एझेल," रॉस्कोने पुन्हा विचारलं, "राईस की मॉस?"

एझेलने ओठ हलवले, पण शब्द आला नाही. बाकावरच्या मंडळींनी माना खाली घातल्या.

मार्लनला राहवेना. इतकी वर्षं जे कबूल केलं नाही ते आता देऊन टाकावं, दुसरं काही त्याच्या हाती उरलं नव्हतं. तो खुर्चीपाशी जाऊन वाकला आणि म्हणाला, "राईसच मोठा. तुमचंच खरं होतं."

म्हातारा दचकला. त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग कापडाखालून हात काढून मार्लनला जवळ ओढलं.

"हळू बोला, पाहुणे. माझा पोरगा मॉसवाला आहे. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, बरोबर त्याचंच आहे. मॉससारखा दुसरा झाला नाही, मला काय दिसत नाही होय? पण मी हो म्हटलं, तर रविवारी तो फोन कशाला करेल?"

मार्लन दुकानाबाहेर आला. बाहेर ऊन रखरखत होतं. डोळे पुसून होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्याने फोन काढला आणि बापाचा नंबर लावला.

आत म्हाताऱ्याच्या खिशात घंटी वाजली. रॉस्कोने घाईने कापड सोडलं. एझेलने फोन कानाला लावला.

"डॅडी," मार्लन म्हणाला, "मॉसच मोठा."

"जिभेला काही हाड आहे का रे तुझ्या?" एझेल असा कडाडला की रॉस्को मागे सरला. मॉस मनात येईल तेव्हा पळायचा, राईस मरेस्तोवर पळायचा, विटा झेललेले हात होते ते, कापसाचे नव्हते, असं सगळं त्याने जुन्याच क्रमाने ऐकवलं. बाकावरची मंडळी हसत होती आणि डोळे पुसत होती. काचेबाहेर मार्लन होय डॅडी, नाही डॅडी करत होता.

बोलता बोलता एझेल थांबला. त्याची नजर काचेतून मार्लनवर पडली, क्षणभर रेंगाळली आणि परक्या माणसावरून सरकावी तशी पुढे सरकली. त्याचा आवाज खाली आला.

"मार्लन, पोरा, फोनवर किती दिवस भांडायचं? एकदा घरी ये ना."